चतुर्थीच्या दिवशी मान वर करू नये

पहाटेचे साडेचार. तुम्ही एका लाकडी जिन्यावर उभे आहात. जिन्यात दिवा नाही. कठड्याला हात लावलात तर तो गुळगुळीत लागतो. दोन-तीन पिढ्यांच्या तळव्यांनी तो तसा केलाय. वरच्या मजल्यावर कुणाची तरी घागर फरशीवर टेकते, बायकांची कुजबुज ऐकू येते आणि मधूनच एक दाबलेलं हसू. ही गिरगावातली फणसवाडी. मंगळवार, २४ ऑगस्ट १९७१. भाद्रपद शुद्ध चतुर्थी.

घाबरू नका, तुम्हाला कुणी हटकणार नाही. आज चाळीत आल्या-गेल्याची मोजदाद नसते. एकेका खोलीत सहा-सात माणसं, त्यात सणाला आलेला भाऊ, भावाची मुलं, गावाहून आलेली आत्या. नवा चेहरा दिसला की प्रत्येकाला वाटतं, शेजाऱ्यांचा पाहुणा असेल. फार तर विचारतील, "कुणाकडे?" तुम्ही नुसती मान हलवून पुढे चला.

गॅलरीच्या टोकाला नळ आहे. पाणी यायची वेळ ठरलेली, जायचीही ठरलेली, आणि आज घरोघरी सोवळ्यातला स्वयंपाक. रांगेत माणसांपेक्षा भांडीच जास्त दिसतील. कळशी ठेवली म्हणजे माणूस उभं आहे असं धरायचं, हा इथला कायदा. तो कुणी लिहिलेला नाही आणि कुणी मोडतही नाही. तिसरी कळशी सात नंबरच्या काकूंची, चौथी आठ नंबरच्या वहिनींची. दोघींचा गेला आठवडाभर अबोला आहे. वहिनींच्या ओल्या चादरीचं पाणी काकूंच्या रांगोळीवर टपकलं, एवढंच कारण.

काकूंची कळशी भरते. त्या ती उचलून कमरेवर घेतात. वहिनींचा पत्ता नाही. त्यांचं तान्हं रात्रभर रडत होतं, ते अख्ख्या मजल्याने ऐकलंय. मागची बाई आपली बादली पुढे सरकवायला लागते. काकू एक शब्द न बोलता मोकळ्या हाताने ती बादली अडवतात, वहिनींची कळशी नळाखाली ओढतात, आणि स्वतःची भरलेली कळशी कमरेवर तशीच पेलून ती भरेपर्यंत उभ्या राहतात. मग वहिनी धावत येतात, केस मोकळे, डोळे लाल. "अगंबाई, माझी कुणी भरली?"

कुणीच बोलत नाही. काकू भिंतीकडे बघत निघून जातात. रांगेतल्या चौघींच्या माना मात्र एकदमच खाली जातात, आणि त्या अंधारातही तुम्हाला कळतं की चौघी हसतायत. थोड्या वेळाने वहिनीही हसतात. अबोला संध्याकाळपर्यंत काही टिकायचा नाही.

उजाडलं की गॅलरीत पोरांची रांग लागते. माकड छाप काळी दंतपावडर प्रत्येकाच्या तळहातावर, तोंडं काळी, ओठ काळे. तीन नंबरचे निवृत्त मास्तर वर्तमानपत्र घेऊन उभे आहेत. पेपर ते एकटे विकत घेतात आणि दहा बिऱ्हाडं वाचतात. पहिलं पान आधी कुणाकडे जायचं, मधलं कुणाकडे, हेसुद्धा ठरलेलं. आज मात्र मास्तर तो कुणाच्या हाती देत नाहीत. काल ओव्हलवर इंग्लंडचा सगळा संघ १०१ धावांत गारद झाला. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले. आपल्याला जिंकायला १७३ हव्यात आणि खेळ थांबला तेव्हा २ बाद ७६ झाल्यात. १९३२ साली आपला संघ पहिल्यांदा इंग्लंडमध्ये कसोटी खेळला, तेव्हापासून तिथे एकही कसोटी जिंकलेला नाही. मास्तरांचं सगळं नोकरीचं आयुष्य त्या ३९ वर्षांत सरलंय.

"१७३ वजा ७६?" मास्तर पेपरावरून नजर न काढता विचारतात.

"सत्त्याण्णऽऽव!" सगळी काळी तोंडं एकदम उघडतात.

मास्तर पेपर खाली घेतात. इतकी वर्षं शाळेत घालवली, पण असं एकसुरात आलेलं बरोबर उत्तर त्यांनी ऐकलेलं दिसत नाही. ते एकेका पोराकडे बघतात, पोरं त्यांच्याकडे काळे दात दाखवून बघतात, आणि मग मास्तरांना जे हसू फुटतं त्याने त्यांचा चष्मा घसरतो. तुम्हालाही आवरणार नाही. आवरू नका.

पोरांना त्या संघातला सगळ्यात जवळचा वाटतो तो एकनाथ सोलकर. वाडेकर दादरचा, गावसकर ताडदेवच्या चिखलवाडीतला, सरदेसाई मडगावहून येऊन इथल्याच चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात शिकलेला, सगळेच आपले. पण सोलकर हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाचा मुलगा, आणि तो जिमखाना इथून चालत जाण्याइतका जवळ. त्याने काल ॲलन नॉटचा झेल पुढे झेपावून घेतला. म्हणून आज चाळीच्या जिन्यावर एकही पोरगा सरळ उतरत नाही. शेवटच्या पायरीवर गुडघे वाकवून, दोन्ही हात पुढे करून, शॉर्ट लेगला उभं राहिल्यासारखा थबकतो आणि मग उडी मारतो.

आठच्या सुमाराला मूर्ती यायला लागतात. तुम्ही वाडीच्या तोंडाशी जाऊन उभे राहा, गर्दी आहे पण जागा मिळेल. हा सगळा परिसर आज असाच असणार. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ साली बसला ती केशवजी नाईकांची चाळ इथून पाच-दहा मिनिटांवर. पण आत्ता तुमच्यासमोर येतोय तो अगदी घरगुती, वीतभर उंचीचा शाडूचा गणपती. पाटावर बसलेला, तोंडावर रुमाल, आणि पाट एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर. दरवर्षी वडील आणायचे. यंदा त्यांचा खांदा धरलाय, म्हणून मान मुलाला मिळालाय. वडील झांज वाजवत पुढे, मुलगा मागे, आणि त्याच्या मागे चार-पाच वर्षांची बहीण.

मुलगा मान ताठ धरून असा चालतोय की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. हातगाडीवाला गाडी भिंतीला लावतो. सायकलवाला उतरतो. आणि नेमकी तेव्हाच मुलाच्या नाकावर माशी बसते.

दोन्ही हात पाटाला. मान हलवायची सोय नाही. तो नाक आक्रसतो, वरचा ओठ डावीकडे नेतो, उजवीकडे नेतो, फुंकर मारून बघतो. माशी उडते आणि परत तिथेच. वडिलांची पाठ आहे, त्यांना पत्ता नाही. सगळी वाडी बघतेय. सगळ्यांना कळलंय, पण मूर्तीजवळ जायचं धाडस कुणी करत नाही. शेवटी बहीण पुढे येते, चवड्यांवर उभी राहते, हात पुरत नाही. मग ती उडी मारते. एक छोटीशी टिचकी बसते आणि माशी जाते. मुलाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते तुम्ही नीट बघून घ्या. सज्ज्यातून कुणी तरी ओरडतं, "गणपती बाप्पा!" आणि अख्खी वाडी हसत हसत म्हणते, "मोरया!" वडील वळून बघतात. काय झालं ते त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगत नाही.

दारात आई वाट बघत असते. आणणाऱ्याच्या पायांवर दूध-पाणी घालते, भाकरतुकडा ओवाळून टाकते. ते बारा-तेरा वर्षांचे पाय धुताना ती एक क्षण वर बघते. मुलगा लाजतो.

गुरुजी अकराला यायचे, ते पाऊण वाजता येतात. तेही बिचारे काय करणार? आज प्रत्येकाला त्यांचीच गरज. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, पंचा डोक्यावर, आवाज बसलेला. आल्या आल्या पाटावर बसतात, आचमन करायला लावतात, संकल्प सुरू होतो. देश, काल, तिथी, वार, गोत्र. यजमान डोळे मिटून हातात पाणी घेऊन बसलेले. गुरुजी एक श्वास घेतात आणि संकल्पाच्याच सुरात, जरा खाली वाकून म्हणतात, "खेळ चारला सुरू होतो ना?" यजमान डोळे न उघडता त्याच सुरात म्हणतात, "हो, चारला." आणि संकल्प पुढे चालू. मागे बसलेल्या मुलींच्या ओढण्या तोंडावर जातात. यात देवाचा काही अपमान झाला असं मला वाटत नाही. उलट देव घरचा आहे, त्याच्यासमोर बोलायला चोरी नाही, हे त्या मिटल्या डोळ्यांच्या उत्तरात आहे.

आता स्वयंपाकघरात चला. म्हणजे खोलीच्या त्या भागात, जिथे पडदा लावून स्वयंपाकघर केलंय. तिथे जाताच तुमच्या हातात विळी येईल. "रिकामे बसलायत ना? मग एवढा नारळ खवा," असं म्हणताना आजी तुमच्याकडे बघणारसुद्धा नाहीत. त्या ऐंशीच्या आहेत, दिसतं कमी, पण नारळाची पाठ खवली गेली आणि काळं पडलं तर त्यांना आवाजावरून कळतं.

या घरात यंदा नवी सून आहे, नगरची. तिच्या माहेरी तळणीचे मोदक करतात. कणकेची पारी, सुक्या खोबऱ्याचं सारण, तळले की आठवडाभर टिकतात. उकडीच्या मोदकाला तिने आजवर हात लावलेला नाही. सासूबाई उकड मळून देतात, तूप-पाण्याचा हात लावून. आजी एक मोदक करून दाखवतात. अंगठा आत, चार बोटं बाहेर, पारी फिरवत फिरवत वाटीसारखी करायची, कडेने चिमटीत पाकळ्या काढायच्या, सारण भरायचं, आणि सगळ्या पाकळ्या हलक्या हाताने एकत्र आणून टोक काढायचं. आजींची बोटं वाकडी झालीत, तरी पाकळ्या एकसारख्या पडतात. सुनेच्या मोदकाला कुठे पाच पाकळ्या, कुठे आठ. टोक एका बाजूला कललेलं. ती कपाळावरचा घाम मनगटाने पुसते आणि नाकाला पीठ लागतं. कुणी सांगत नाही.

मोदकपात्र स्टोव्हवर चढतं. खोलीत हळदीच्या पानांचा वास भरतो. पंधरा मिनिटांनी सासूबाई झाकण उचलतात, आणि वाफेतून पहिल्यांदा त्यांनाच दिसतं की चार मोदक फुटलेत. गूळ बाहेर आलाय, पान तपकिरी झालंय. चारही सुनेचे. त्या झाकण आडवं धरतात, जणू वाफ कुणाला लागू नये म्हणून, आणि त्याच्या आड ते चार मोदक पटकन आपल्या ताटलीत काढून वर पान ठेवतात. पण सुनेने पाहिलंय. तिचे डोळे भरून आलेत.

"अगो, फुटलेला मोदक घरच्याचा," आजी म्हणतात. त्यांना दिसलेलं नाही, वासावरून समजलंय. "अखंड असतात ते देवाचे आणि लोकांचे."

"माझे पहिल्या वर्षी अकरा फुटले होते," सासूबाई म्हणतात. "विचार हवं तर यांना."

पडद्यापलीकडून सासऱ्यांचा आवाज येतो, "तेरा."

क्षणभर सगळं गप्प. मग आधी आजी हसतात, मग सासूबाई, आणि मग सून, नाकाला पीठ लागलेलंच, इतकी हसते की तिला खाली बसावं लागतं. हे लग्न या घराला मानवणार, असं तुम्हाला तिथेच वाटून जाईल.

इथे एक गोष्ट बोलली पाहिजे. तुम्ही या बायकांसोबत पहाटेपासून आहात, त्यांच्यापैकी एकही अजून नीट बसलेली नाही. सगळ्या मजल्याला मिळून संडास टोकाला, तिथे रांग, नळावर रांग, रॉकेलला रांग. कुठल्याही घरातलं भांडण चार घरांना ऐकू जातं, आणि ज्याला एकांत हवा त्याने चौपाटीवर जावं, तिथेही तो मिळेलच असं नाही. अशा जागेत राहणं सोपं नव्हतं, आणि ज्यांनी चाळ सोडून बोरिवली-डोंबिवलीला स्वतःचा संडास असलेली दोन खोल्यांची जागा घेतली त्यांनी ती आनंदाने घेतली. ते बरोबरच केलं. तरीही मी तुम्हाला इथे आणलं, कारण मला ठामपणे वाटतं की हे छोटं छोटं हसू एकट्याला येत नाही. माशी त्या मुलाला छळत होती; तिचं हसू झालं ते वाडी बघत होती म्हणून. फुटलेले मोदक झाकणाआडच राहिले असते तर सुनेच्या मनात वर्षभर सलले असते. पडदा पातळ होता, सासऱ्यांना ऐकू गेलं, म्हणून ते हसण्यावारी गेलं. इथे प्रत्येकाचं जगणं दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर चालतं. त्याचा काच होतो, आणि हे सुखही त्याच्यातूनच येतं.

दुपारी नैवेद्याची ताटं निघतात. क्रोशाचा रुमाल टाकलेली वाटी घेऊन पोरं या दारातून त्या दारात. वाटी रिकामी परत पाठवायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. सात नंबरकडून आठ नंबरकडे एक वाटी जाते, हे तुम्ही टिपलं असेलच. आठ नंबरकडून ती परत येते तेव्हा तिच्यात साखर नसते, वाटी काठोकाठ खिरीने भरलेली असते. आणणारी पोरगी इतक्या हळू चालते की गॅलरीचं ते पाच पावलांचं अंतर तिला दोन मिनिटं पुरतं.

मग जेवणं, मग सगळी चाळ चटयांवर आडवी. तुम्हीही जरा पाठ टेका.

चार वाजता बारा नंबरचा मर्फी रेडिओ खिडकीत येतो. बारा नंबरचे बँकेत आहेत. त्यांनी रेडिओचं तोंड आत ठेवायचं सोडून गॅलरीकडे केलंय, आणि यासाठी चाळ त्यांना पुढची कित्येक वर्षं मान देईल. मुंबईत दूरदर्शन यायला अजून वर्षाहून जास्त अवकाश आहे, ते २ ऑक्टोबर १९७२ ला येईल. तोवर लंडन म्हणजे हा पेटीतला आवाज. शॉर्टवेव्हवर बीबीसी लागतं, लांबून येतं, खरखरतं, बुडतं, परत वर येतं. आणि अर्थातच इंग्रजीत.

गॅलरीतल्या अर्ध्या माणसांना ते कळत नाही. "काय म्हणतोय? आऊट म्हणाला का?" असा गलका होतो. तेव्हा सहा नंबरची मुलगी पुढे येते. अकरावीत आहे, यंदा मॅट्रिकला बसेल. दोन वेण्या, हातात वही, ती का घेतली ते तिलाच ठाऊक. ती खिडकीला कान लावते आणि पहिलं वाक्य मराठीत सांगते. गलका थांबतो. दुसरं सांगते. मग कुणी तरी तिच्यासाठी स्टूल आणतं.

बातमी पहिल्याच झटक्यात वाईट येते. वाडेकर धावबाद, ४५. कालच्या धावसंख्येत त्याने एकाचीही भर घातलेली नाही. सगळी गॅलरी "अरेरे" म्हणते. तुम्हाला ठाऊक आहे की तो आता ड्रेसिंग रूममध्ये जाऊन झोपणार आहे, आणि आपण जिंकल्याचं त्याला इंग्लंडचाच केन बॅरिंग्टन येऊन उठवून सांगणार आहे. पण ते बोलू नका. त्यांना ही संध्याकाळ त्यांच्या क्रमाने जगू द्या.

तुम्ही आता बघायचं ते रेडिओकडे नाही. कठड्याला टेकून, सगळ्यांच्या मागे, मुलीचे वडील उभे आहेत. छापखान्यात कंपोझिटर. खिळे जुळवून जुळवून बोटांची टोकं काळपट झालीत. इंग्रजीचेही हजारो खिळे त्यांनी जुळवलेत, उलटी अक्षरं ते सुलट्यासारखी वाचतात, पण अर्थ त्यांना कधी लागला नाही. ते काम दुसऱ्यांचं होतं. आणि आज त्यांची मुलगी स्टुलावर बसून साहेबाचं बोलणं ऐकतेय आणि बँकवाल्यांना, मास्तरांना, सगळ्या चाळीला सांगतेय. "अंडरवूड टाकतोय. सरदेसाईंनी कव्हरला ढकलला. एक धाव." मास्तर मध्येच एकदा तिला दुरुस्त करायला जातात, मग स्वतःच थांबतात आणि म्हणतात, "नाही नाही, तीच बरोबर."

वडील खेळाकडे बघतच नाहीत. ते मुलीच्या तोंडाकडे बघतायत. त्यांचे ओठ किंचित हलतायत, ती जे म्हणतेय ते तिच्यामागून म्हणून बघतायत. धाव निघाली की सगळे ओरडतात आणि तेव्हा त्यांना उशिरा कळतं की आपणही ओरडायला हवं होतं. मधेच मुलगी त्यांना शोधते, दोघांची नजर मिळते. ते पटकन खिशातला रुमाल काढून चष्मा पुसायला लागतात. त्यांच्या बायकोने हे पाहिलंय. ती शेजारणीला कोपर मारते.

सहाच्या सुमारास तिथे जेवणाची सुट्टी होते. इथे चहा. बशीतून चहा पिताना, बेसावधपणे, तुमच्या तोंडून निघून जातं, "आज त्यांनी मैदानावर हत्तीण आणलीय."

सगळे तुमच्याकडे वळतात. "हत्तीण? लंडनात?"

आता माघार घेता येत नाही. तुम्ही सांगता: चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातली, नाव बेला, तिथल्या आपल्या लोकांनी चतुर्थी म्हणून आणवली, सीमारेषेच्या कडेने फिरवली. सगळं खरं आहे, पण तुम्हाला कसं कळलं ते सांगायची सोय नाही. आधी एक पोरगा फिसकन हसतो, मग गॅलरी कोसळते. "पाहुणे गमतीचे आहेत हो!" बारा नंबरचे चहा सांडतात. मास्तर डोळे पुसतात. तुम्हीही हसता, दुसरं काय करणार?

एक आजी तेवढ्या हसत नाहीत. "आणली असेल," त्या म्हणतात. "आज त्याचा दिवस आहे, तो का नाही यायचा?" आणि रेडिओच्या दिशेने हात जोडतात.

सात वाजता अडचण उभी राहते. आरतीची वेळ झालीय आणि खेळ संपलेला नाही. सोलकर स्वस्तात गेलाय, विश्वनाथ आणि इंजिनीअर उभे आहेत. आजींचं म्हणणं, देवाला ताटकळत ठेवायचं नाही. मास्तर तोडगा काढतात. आरती तीन नंबरमध्ये, दारं उघडी, रेडिओ बारीक. मुलगी रेडिओजवळच बसेल आणि किती धावा हव्यात ते दारात येऊन बोटांनी दाखवेल.

तुम्ही आत दाटीवाटीने उभे राहता. टाळ तुमच्या हातात येतो. आरती जोरात सुरू होते, एकामागून एक. पोरं अवघड शब्द आपल्या सोयीने वळवतात. कुणाच्या तोंडी फळी येते, कुणाच्या तोंडी कुणी जोशी येतात, मोठी माणसं दरवर्षी ऐकतात आणि दरवर्षी एकमेकांकडे बघून हसतात. दारात मुलगी येते, दोन्ही हातांची दहा बोटं. टाळ्यांचा वेग वाढतो. परत येते, सात बोटं. मग येते तेव्हा चेहरा उतरलेला, तीन बोटं, आणि ओठांनी सांगते, विश्वनाथ गेला.

इकडे विठ्ठलाची आरती आलीय, आणि तिच्यातली ती जागा जवळ येते जिथे सूर धरून ठेवायचा असतो. सगळ्या महाराष्ट्रात तिथे पैज लागते, कुणाचा दम किती टिकतो. मास्तर दरवर्षी जिंकतात. सूर उठतो. पहिली पोरं गळतात, मग बायका, मग बँकवाले. गुरुजी, जे शेवटचं घर उरकून फक्त रेडिओसाठी परत आलेत, तेही सोडतात. मास्तर एकटे. चेहरा लाल, हात वर, शीर फुगलेली. आणि तेव्हा ती मुलगी दारात येते. बोटं नाहीत. दोन्ही मुठी डोक्यावर, वेण्या सुटलेल्या, तोंडातून शब्द फुटत नाही. आबिद अलीने लकहर्स्टला कट मारून चौकार वसूल केलाय. १७४.

मास्तरांना दिसतं. सूर सोडता येत नाही आणि आनंद धरता येत नाही. ते सूर धरूनच हसायला लागतात, सूर डळमळतो, वर चढतो, आणि त्या हसऱ्या सुरात आधी आजी मिसळतात, मग सगळी खोली, मग गॅलरी, मग वरचा मजला. आरती मोडली नाही, कुणी मोडू दिली नाही. कापूर पेटतो. "मोरया" इतक्या जोराने येतो की समईची वात हलते.

मग सगळे एकदम गॅलरीत धावतात. वाडीतल्या प्रत्येक चाळीतून तोच आवाज येतोय. कोपऱ्यावरच्या इराण्याने पाटीवरचे आकडे पुसून नुसतं मोठ्ठं "जिंकलो" लिहिलंय, असं खालून कुणी तरी ओरडून सांगतं. बारा नंबरचे डोक्यावरची टोपी काढतात आणि जीव खाऊन आकाशात फेकतात. सगळ्या चाळीच्या माना टोपीबरोबर वर जातात.

ढग फाटलेत. आणि मधोमध, स्वच्छ, चतुर्थीचा चंद्र.

"माना खालीऽऽ!" आजी किंचाळतात.

दीडशे माना एकदम खाली. टोपी कुणाच्या तरी बालदीत पडते. पण उशीर झालाय, सगळ्यांनी पाहिलाय. आज चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो, हे पोरासोरांना ठाऊक आहे. प्रत्यक्ष श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आला होता, तिथे आपली काय कथा. मान खाली घातलेल्या अवस्थेत सगळे एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघतात.

"पण आपण काय चोरलंय?" सकाळचा तो मूर्ती आणणारा मुलगा विचारतो.

"मॅच!" त्याची बहीण म्हणते. "इंग्रज म्हणतील, मॅच चोरली."

आता मात्र कुणालाच उभं राहवत नाही. सात नंबरच्या काकू आणि आठ नंबरच्या वहिनी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसतायत. कंपोझिटर पहिल्यांदाच मोठ्याने हसतात आणि त्यांची मुलगी चमकून त्यांच्याकडे बघते. तिने हा आवाज फारसा ऐकलेला दिसत नाही.

आजी मात्र आळाचा बंदोबस्त करायला बसल्यात. स्यमंतक मण्याची गोष्ट ऐकली की दोष जातो. गॅलरीत चटया पसरल्या जातात, पोरांना दामटून बसवलं जातं, बँकवाले ओली टोपी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत. आजी सत्राजितापासून सुरुवात करतात. तेवढ्यात गुरुजी येतात, त्यांनीही पाहिलाय, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही हळूच जिन्याकडे निघालेले असता. आजी थांबतात.

"अहो हत्तीवाले पाहुणे, तुम्हीही पाहिलात ना चंद्र? मग चाललात कुठे? बसा इथे. ए, त्यांना जरा जागा दे रे."